चार नंबरचा संगणक

आमच्या उर्दू शाळेच्या संगणक खोलीत पाच जुने संगणक आहेत. कुणाच्या तरी ऑफिसातून उतरलेले, देणगी म्हणून आलेले. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची मदत थांबली, तेव्हा दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्यावर लिनक्स बसवलं. बाकीचे चार चालले. चार नंबरचा मात्र काळ्या पडद्यावर दोन-तीन पांढऱ्या ओळी दाखवून गप्प झाला.

सुटी संपल्यावर आठवीतल्या एका मुलानं विचारलं, "आपा, बनानेवालों ने चेक नहीं किया क्या?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना कर्नलसीआय नावाच्या प्रकल्पाची माहिती मिळाली. तो 2014 मध्ये सुरू झाला आणि 2019 पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, रोज बदलत असतो. म्हणून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत खरीखुरी यंत्रं फळ्यांवर मांडून ठेवलेली असतात. नवा कर्नल तयार झाला की तो नेटवर्कवरून त्यांच्याकडे जातो. माणसाचा हात न लागता वीज बंद होऊन पुन्हा सुरू होते. जागं होताना यंत्र जे जे बडबडतं, ते एका तारेतून अक्षर न् अक्षर टिपलं जातं. ठरल्या वेळात लॉगिनची ओळ आली नाही तर नापास! मग दोषी बदल हुडकायचा. हजार बदल असतील तर मधला घेऊन बघायचं, म्हणजे निम्मे बाद. दहाएक फेऱ्यांत चोर सापडतो.

एवढा खटाटोप कशाला? संगणकाच्या पोटातच नकली संगणक उभा करून तपासता येतं, आणि तेही केलं जातंच. पण मला बी.एड.चं सूक्ष्म अध्यापन आठवलं. समोर मैत्रिणीच विद्यार्थी होऊन बसायच्या आणि हवं तेच उत्तर द्यायच्या. मला चांगले गुण पडले. पुढे खऱ्या वर्गात पहिल्याच दिवशी एक मुलगी उपाशी आलेली, एकाला फळ्यावरचं दिसत नव्हतं. नकली यंत्र त्या मैत्रिणींसारखं. त्याचा पंखा धुळीनं अडकत नाही, वीज गेली-आली तरी ते रुसत नाही.

खऱ्या यंत्रांच्या तपासणीतही एक गोम आहेच. जे यंत्र कुणीतरी फळीवर ठेवलं, तेच तपासलं जातं. पुष्कळदा ठेवणाऱ्या कंपन्याच असतात, आपला माल चालावा अशी गरज असलेल्या. आमच्या चार नंबरची बाजू घ्यायला तिथं कोण असणार? मला राग आला. मग लाजही वाटली, कारण पडद्यावरच्या त्या ओळी मी स्वतः तरी कुठे वाचल्या होत्या?

सोमवारी आम्ही दोघांनी तो संगणक पुन्हा सुरू केला. माझ्या मोबाइलवर त्यानं पडद्याचा फोटो काढला. इंग्रजी ओळी अक्षर-अक्षर जुळवून वहीत उतरवल्या, मागच्या चिठ्ठीवरून मॉडेल नंबर घेतला आणि लिनक्स बनवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. शाळेचं नाव लिहायचं का, त्यानं विचारलं. म्हटलं, लिही. त्यानं ते आधी उर्दूत लिहिलं. मग माझ्याकडे बघून खाली रोमन अक्षरांत.