लिटरला किती?

जुनी वस्तु घेणाऱ्या मनुष्यास लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात. गाय असेल तर "दूध किती देते?" आणि मोटार असेल तर "लिटरला किती देते?" 2023 सालीं आम्हीं पुण्यांत एक लहान एसयूव्ही विकत घेतली, 2014 सालची, पेट्रोलवर चालणारी, नऊ पावसाळे पाहिलेली. विकणारे गृहस्थ म्हणाले, "साहेब, डोळे मिटून सोळा!" डोळे उघडे ठेवले असतां सोळा दिसत नाहींत, हा त्या वाक्याचा उत्तरार्ध आम्हांस पुढें समजला.

ही गाडी घेण्यास कारण आमच्या मातुःश्री. त्या वाईस राहतात. वयाचीं ऐशीं वर्षें उलटलीं आहेत, आणि कृष्णेचा घाट सोडून पुण्यांत येऊन राहावयास त्या तयार नाहींत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें ठेंगण्या मोटारींत बसणें त्यांस विहिरींत उतरण्यासारखें वाटतें. उंच बैठकीची गाडी त्यांच्या सोयीची, म्हणून ती घेतली, आणि दर पंधरवड्यास एक रविवार वाईचा, असा नेम ठरविला. जाऊन येऊन सुमारें 180 किलोमीटर.

हिशेबाचा नाद आम्हांस पूर्वीपासूनचाच. नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावयाची, किलोमीटरचा आंकडा वहींत टिपावयाचा, आणि पुढच्या खेपेस पुन्हां तशीच टाकी भरून, चाललेल्या अंतरास भरलेल्या लिटरांनीं भागावयाचें, ही आमची साधी रीत. पहिला भागाकार आला 11.2. आम्हीं तो पुन्हां करून पाहिला. मग विकणारा, पेट्रोलपंप आणि मेकॅनिक, या क्रमानें आमचा संशय फिरला. मेकॅनिकनें एअर फिल्टर व प्लग बदलले आणि शांतपणें विचारलें, "साहेब, गाडी चालवतं कोण?"

प्रश्न वर्मीं लागला, म्हणून आम्ही अभ्यासास लागलों. जाहिरातींतला आंकडा चांचणीगृहांतला असतो. अशा चांचण्या करणारी एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यांतच आहे. तेथें गाडीचीं चाकें रुळांवर फिरवितात. 1180 सेकंदांचा ठराविक क्रम असतो, वेग ताशीं 90 किलोमीटरच्या वर जात नाहीं, आणि एसी बंद असतो. त्या खोलींत खंबाटकीचा घाट नसतो आणि स्वारगेटचा चौकही नसतो. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे 80 चा वेग 100 वर नेला कीं तो दीडपटीहून अधिक होतो. उंच, रुंद छातीच्या गाडीस तर हा भार विशेषच. पेट्रोलही पूर्वीचें राहिलें नाहीं. 2025 सालापर्यंत त्यांत शेकडा वीस इथेनॉल मिसळूं लागलें, आणि इथेनॉलच्या एका लिटरांतली उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांशानें कमी. जुन्या धाटणीच्या मोटारींस या मिश्रणानें शेकडा सहा-सात तोटा होईल, असा अंदाज नीति आयोगानें 2021 सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत आहे. सोळांतला एक अशा रीतीनें टाकींतच जातो!

उरलेल्यांचे अपराधी मात्र आम्हीच होतों. टपावरचें रिकामें कॅरियर आम्हीं उतरविलें, टायरमधील हवा गाडी थंड असतांना तपासूं लागलों, चौकांत इंजिन बंद करूं लागलों, आणि महामार्गावर 80 च्या पुढें जावयाचें नाहीं असा निश्चय केला. मागून येणारे ट्रक आमच्याकडे दयेनें पाहत पुढें जात. पण भागाकार चढत चढत 13.8 वर आला. वाईच्या एका खेपेस सोळा लिटर लागत होतें, तेथें तेरा लागूं लागलें. त्या दिवशीं आम्हीं सौभाग्यवतींना वही तीनदां दाखविली.

पण हिशेबाची गोडी लागली म्हणजे ती ठराविक जागीं थांबत नाहीं. लिटर शंभर रुपयांच्या वर. तेव्हां एका खेपेचे तेराशेंहून अधिक. "या रविवारीं पाऊस फार आहे." "पुढच्या रविवारीं नाहीं तरी जावयाचेंच आहे." अशीं कारणें आम्ही टेलिफोनवर सांगूं लागलों. गाडी उभी असली कीं पेट्रोल मुळींच जळत नाहीं, ही काटकसरीची परमावधि आम्हांस न कळत साधली होती.

गेल्या भाद्रपदांत वाईस गेलों, तेव्हां स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेकडे सहज लक्ष गेलें. कांहीं रविवारांभोंवतीं पेन्सिलीचीं लहान वर्तुळें होतीं. दुधाच्या खाड्यांचीं असतील असें वाटून आम्हीं मागचीं पानें चाळलीं. चैत्र-वैशाखांत तीं दर पंधरवड्यास होतीं, आषाढांत एक, श्रावणाचें पान कोरें. आमच्या येण्याचे ते दिवस होते. हिशेब लिहिण्याची संवय आम्हीं कोणाकडून घेतली, हें त्या क्षणीं कळलें.

मातुःश्रींनीं आम्हांस पानें चाळतांना पाहिलें. चहाचा पेला पुढें ठेवीत त्या म्हणाल्या, "गाडी फार पेट्रोल खाते का रे?"

"नाहीं, आई. आतां तेराच्या वर देते."

"खात असली तर एसटीनें ये. पण ये."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चहा मात्र फार वेळ पुरविला.

वही आम्हीं टाकून दिलेली नाहीं. ती अजून गाडींतच असते, आणि अलीकडे तिच्यांत 13 च्या आसपासचे आंकडे पडतात. कोणी "लिटरला किती?" म्हणून विचारलें तर आम्ही तेंच सांगतों. खेपेचे रुपये लिहिण्याचा रकाना मात्र आम्हीं रेघ ओढून बंद केला आहे. उद्यां शनिवार; टायरमधील हवा तपासावयाची आहे, कारण परवां वाईस जावयाचें आहे.