घासलेलें नाक

इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड हें लिंकनचें गांव, आणि लिंकन हें माझें लहानपणापासूनचें दैवत. १८४४ सालीं त्यानें विकत घेतलेलें घर मीं देवळांत शिरावें तशा भक्तीनें पाहिलें. त्याच्या समाधीपुढें ब्राँझचा मुखवटा आहे. दैव उजळावें म्हणून येणाराजाणारा त्याचें नाक चोळतो. तें सोन्यासारखें चकाकतें. मींही चोळलें आणि धन्य झालों.

परततांना आगगाडीच्या रुळांशेजारीं थांबलों. १९०८ च्या ऑगस्टांत येथें, लिंकनच्या घरापासून मैलभराच्या आंत, गोऱ्यांच्या जमावानें काळ्या लोकांचीं घरें जाळलीं. त्या दंगलींत दोघां कृष्णवर्णीयांना झुंडीनें ठार केलें. २०१४ सालीं जळक्या पांच घरांचे पाये उत्खननांत सांपडले; २०२४ सालीं ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. येथें चोळायला नाक नव्हतें, आणि गर्दीही नव्हती.

त्या जमावांत लिंकनचा अभिमान बाळगणारे कोणीच नसतील, असें मला म्हणवेना. माझ्या दिवाणखान्यांतल्या तसबिरी आठवल्या. त्यांना आम्हीं नेमानें हार घालतों. पण त्यांतल्या एकाचें तरी म्हणणें, पदरास खार लागेल तेव्हां, मीं मानलें होतें काय? ब्राँझचा वास लागलेला हात मीं हळूच खिशांत घातला.