जेल कुठलं घेऊ?

ऑक्टोबर लागला की आमच्या पळणाऱ्या मंडळींत एकच प्रश्न फिरायला लागतो. "जेल कुठलं घेऊ?" (येरवड्याचं नव्हे हो. ते पुडीतलं, टूथपेस्टसारखं पिळून गिळायचं, गोड गोड.) जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. त्याआधीचे दोन-अडीच महिने म्हणजे लांब पल्ल्याचे रविवार. पंचवीस, अठ्ठावीस, तीस किलोमीटर. मग प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने संशोधनाला लागतो. आम्ही पडलो आयटीवाले. बूट घेताना एक्सेल शीट, घड्याळ घेताना एक्सेल शीट, तशी जेलचीही एक्सेल शीट होते. किंमत, चव, कॅफिन, रिव्ह्यू, सगळं त्यात असतं. एक कॉलम मात्र कुणीच करत नाही. दिवसभरात आपण एकूण खातो किती?

त्या न केलेल्या कॉलमबद्दल लिहायचंय. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीची गोष्टही सांगायची आहे (तिच्या परवानगीने). पण आधी थोडं गणित. घाबरू नका, सातवीच्या वरचं नाही.

शरीरात दोन प्रकारचं इंधन असतं. चरबी म्हणजे एफडी, आणि स्नायूंत व यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन म्हणजे खिशातली रोकड. एफडी भरपूर असते. सडपातळ माणसाकडेही आठ-दहा किलो चरबी असते, म्हणजे सत्तर-ऐंशी हजार कॅलरी. पण ती मोडायला वेळ लागतो, आणि वेग वाढला की शरीर रोकडच मागतं. रोकड किती? साधारण चारशे ते सहाशे ग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार कॅलरी. आणि पळायचा खर्च? किलोमीटरला, किलो वजनामागे, सुमारे एक कॅलरी. माझं वजन ६५ किलो. ४२.२ किलोमीटरला झाले २७०० च्या वर. दोन हजारांना ६५ ने भागा, उत्तर येतं तीस-एकतीस. मॅरेथॉन पळणाऱ्या कुणालाही विचारा, भिंत कुठे लागते. तो म्हणेल, तिशीच्या आसपास. (खरं तर थोडी चरबीही सोबत जळत असते आणि रोकड अगदी शून्यावर येत नाही, त्यामुळे हे गणित इतकं नेमकं नाही. पण दिशा बरोबर आहे.)

हे ज्ञान काही आजचं नाही. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन संपवून आलेल्या काही धावपटूंचं रक्त तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. ज्यांची अवस्था वाईट होती त्यांच्या रक्तातली साखर खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय जेवायला आणि शर्यतीत गोळ्या-कॅंडी खायला सांगितलं. साखर टिकली आणि माणसंही बऱ्या अवस्थेत पोचली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच लिमलेटच्या गोळीने काम भागत होतं!

आता तासाला किती खायचं? अडीच-तीन तासांपर्यंतच्या पळण्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. त्याहून जास्त वेळ लागणार असेल आणि पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत. हा ६० चा आकडा येतो आतड्यातून. ग्लुकोज आत घेणारा दरवाजा एक (एसजीएलटी-१), आणि फ्रुक्टोजचा वेगळा (जीएलयूटी-५). नुसतं ग्लुकोज कितीही ढकललं तरी तासाला साठेक ग्रॅमच्या पुढे आत जात नाही, उरलेलं पोटात डुचमळत बसतं. फ्रुक्टोज सोबत दिलं की दुसऱ्या दारातूनही गर्दी आत सरकते. महागड्या जेलवर 'ड्युअल सोर्स' वगैरे लिहिलेलं असतं ते हेच. आणि आपली डब्यातली साखर? तिचा प्रत्येक रेणू म्हणजे अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. गूळही बहुतांशी तेच. म्हणजे ड्युअल सोर्स आपल्या फडताळात आधीपासून आहे.

एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम केळ्यात तेवढीच. चार-पाच साध्या खजुरांत तेवढीच. माझ्यासारख्या साडेचार तासवाल्याने तासाला ४५ ग्रॅम धरले तर एकूण दोनशे ग्रॅम, म्हणजे आठ-नऊ पुड्या. पुडीला सव्वाशे रुपये धरले तर हजार रुपये झाले, आणि हे फक्त शर्यतीच्या दिवसाचं. सरावाचे आठ रविवार त्यात धरलेले नाहीत.

माझी स्वतःची बाटली अशी असते: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ, एक लिंबू. साखर वजनकाट्यावर मोजायची. चमच्याचा भरवसा नाही, प्रत्येक घरचा चमचा निराळा. तासाला अर्धा लिटर प्यायलो की ३० ग्रॅम झाले, वर अर्धं केळं किंवा दोन-तीन खजूर. झालं.

मग जेल वाईट का? अजिबात नाही. मोजून मिळतं, खिशात मावतं, चावावं लागत नाही. बत्तिसाव्या किलोमीटरला राजगिऱ्याचा लाडू खाऊन बघा, घशात वाळवंट होतं. शेंगदाण्याची चिक्की सायकलवर झकास, पण तिच्यात तेलही बरंच, त्यामुळे पळताना पोटात जड पडते. मी शर्यतीत शेवटच्या दहा किलोमीटरसाठी दोन जेल ठेवतोच. मुद्दा एवढाच की आतड्याला ब्रँड वाचता येत नाही. ते ग्रॅम मोजतं.

आणि त्याला सवय लागते. आतडंही स्नायूसारखं सरावाने तयार होतं. रविवारी पळताना नियमित खाल्लं की काही आठवड्यांत तेच पोट जास्त घ्यायला लागतं. शर्यतीच्या दिवशी, तिथे फुकट वाटतात म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा एखादं जेल खाणं म्हणजे टेस्टिंग न करता शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता प्रॉडक्शनला कोड टाकणं. शनिवार-रविवार कसा जातो ते तुम्हाला माहीत आहे. (आणि आदल्या रात्री मिसळ नको. मी अस्सल पुणेकर असून हे सांगतोय!)

पाण्याचंही तसंच. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला अर्धाच आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जे पळून आल्यावर वजनाने वाढले होते, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायले होते, त्यांना हा धोका सर्वांत जास्त. सोपा उपाय: पळायच्या आधी आणि नंतर वजन करा. किलोभर घटलं तर साधारण लिटरभर घाम गेला. वजन वाढलेलं मात्र दिसता कामा नये.

इथेच ओआरएसचाही घोळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं. ते पाणी आणि क्षार भरून काढायला आहे, ऊर्जेसाठी नाही. उलट, खोक्यातली बरीचशी गोड पेयं ओआरएसचं नाव मिरवत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली ते बरं झालं.

हुश्श. झालं गणित. आता मैत्रीण.

ती टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे चुका शोधणं हा तिचा धंदा. यंदा पहिली फुल मॅरेथॉन करायची म्हणून जूनपासून शिस्तीत पळत होती. त्याच सुमारास तिच्या ऑफिसात वजन उतरवायची स्पर्धा लागली. तिने दोन्हींत नाव घातलं. संध्याकाळी सातनंतर काही खायचं नाही, दुपारी एकपर्यंत काळी कॉफी. रविवारी वीस किलोमीटर उपाशीपोटी, मग एक वाजता जेवण. बॅगेत जेल उत्तमातलं आणि कपाटात रिकव्हरी पावडरचा मोठा डबा. पण "त्यातही कॅलरी असतातच ना" म्हणून दोन्ही जपूनच वापरायची. वजन पहिले दोन महिने उतरलं, मग थांबलं. झोप बिघडली. तीन महिने पाळी आली नाही. तिला वाटलं, व्यायाम वाढला की असं होतच असेल. सप्टेंबरअखेर नडगी दुखायला लागली. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी बुटांबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, "रोज जेवता किती?"

ती वही घेऊन माझ्याकडे आली. "अरे, तुझ्या त्या एक्सेलमध्ये घालून बघ ना जरा."

बघितलं. वजन ५८ किलो, त्यातलं चरबी सोडून उरलेलं शरीर साधारण ४२ किलो. रविवारचं खाणं १७०० कॅलरी. वीस किलोमीटरचा खर्च ११६०. उरल्या ५४०. त्यात हृदय, मेंदू, हार्मोन्स, हाडांची डागडुजी, सगळा संसार चालवायचा. ४२ ने भागलं तर किलोमागे १३ कॅलरी. निरोगी शरीराला ४५ च्या आसपास लागतात, आणि ३० च्या खाली बरेच दिवस राहिलं की शरीर खर्चात कपात सुरू करतं. (३० ही काही दगडावरची रेघ नव्हे, माणसागणिक फरक पडतो.) बरं, रविवारचं सोडा. मधल्या वारी आठ किलोमीटर आणि १४०० कॅलरी: उरल्या ९३६, म्हणजे किलोमागे २२. आठवड्यातला एक दिवसही तिशीला शिवत नव्हता.

बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी चार महिने नेमाने सराव केला तो हाड मोडायचा?"

काय बोलणार? या प्रकाराला नाव आहे, रेड-एस. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ते रूढ केलं. आधी फक्त बायकांचा प्रश्न समजत. पण पुरुषांनाही होतो. टेस्टोस्टेरॉन उतरतं, चिडचिड वाढते, सर्दी हटत नाही, वेळ सुधारत नाही. बायकांच्या बाबतीत पाळी थांबणं हा सरळसरळ अलार्म आहे, फिटनेसचं प्रमाणपत्र नव्हे. आपण ऑफिसात लॉगमधली एक लाल ओळ सोडत नाही, आणि ही तीन महिने दुर्लक्षित राहते, कारण आजूबाजूचे सगळे "बारीक झालीस गं!" म्हणून कौतुक करत असतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वजन उतरवायचं असेल तर खुशाल उतरवा, पण मॅरेथॉनच्या ऐन सरावात नको. एका वेळी एकच प्रोजेक्ट.

पळून आल्यानंतरच्या खाण्याबद्दलही तेच. तीस मिनिटांची खिडकी बंद होते म्हणून शेकर घेऊन धावत सुटायची गरज नाही. पुढचं पळणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असेल तर दिवसभराच्या जेवणात रोकड भरून निघते. त्याच दिवशी पुन्हा व्यायाम असेल तरच घाई. पण तास-दीड तासात नीट बसून जेवावं. कर्बोदकं हवीतच, सोबत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. नुसत्या पोह्यांनी ते होत नाही. पोह्यांवर दोन अंडी आणि एक कप दूध घ्या, किंवा अर्धा लिटर दूध आणि मूठभर फुटाणे. शंभर ग्रॅम पनीरची भुर्जी आणि पोळ्याही चालतील. शाकाहारी माणसाला घाईच्या दिवशी पावडरचा एक स्कूप सोयीचा पडतो, त्यात पाप नाही. फक्त तो जेवणाऐवजी घ्यायचा नसतो. (मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मी कोड लिहितो, प्रिस्क्रिप्शन नाही.)

मैत्रीण आता आहारतज्ज्ञांकडे जाते, रात्री वरण-भात-तूप जेवते, सकाळी चालते. पाळी परत सुरू झाली, त्याचा मेसेज तिने मला एखादं मेडल मिळाल्यासारखा पाठवला. यंदा ती पळणार नाहीये. पेडर रोडच्या चढावर माझ्यासाठी मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन उभी राहणार आहे. मी जेल आणू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "बटाटाच खा. आणि आधी सांग, काल रात्री जेवलास ना?"

असो. उद्या अठ्ठावीस किलोमीटर आहेत, पहाटे साडेचारला निघायचंय. साखर मोजून ठेवली आहे, लिंबं आणायची राहिली आहेत. तुम्ही लांब पळताना काय खाता ते कळवा नक्की. आणि त्या दिवशी एकूण किती खाल्लंत, तेही.