मामा, येऊ का बँकेत?

आमच्या घराण्यात नोकरीविषयी सल्ला देण्याचा मान माझ्याकडे आहे. कारण एवढंच, की वीस वर्षांत मी माझी सोडलेली नाही. म्हणून शिक्षणसेवक असलेल्या भाच्याने परवा जेवता जेवता विचारलं, "मामा, शाळा सोडून बँकेत येऊ का?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. 2023 पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला मानधन महिना 16,000 रुपये. तीन वर्षं काढल्यावर वेतनश्रेणी. इकडे सरकारी बँकांच्या क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा 28. भाचा 27 चा, शिवाय लग्नाचा.

"शिकवण्याचा कंटाळा आला?"

"छे! शिकवायला मिळतंय कुठे? निवडणुका, जनगणना, तक्ते..."

पहिल्या दोन कामांना 2009 चा शिक्षण हक्क कायदाच मुभा देतो. पण निवडणुकीची ड्यूटी आम्हा बँकवाल्यांनाही लागते, आणि तक्ते तर आमचं मुख्य अन्न! म्हणजे पोरगा आगीतून उठून फुफाट्यात निघाला होता.

तेवढ्यात आमची कन्या अपूर्णांकांची वही घेऊन रडत आली. भाच्याने ताटातल्या पोळीचे चार तुकडे केले. दोन मिनिटांत कन्या हसली. तिच्याहून जास्त भाचा हसला. मी वीस वर्षं लोकांना रोख पैसे देतोय, पण असं कोणी हसलेलं नाही. उलट नोटा पुन्हा मोजून घेतात.

मी म्हटलं, "फॉर्म भरून ठेव, वय थांबत नाही. राजीनामा मात्र मी पास करणार नाही. सही तुझी असेल, पण चेहरा जुळत नाही."