‘पण’ आणि ‘तर’

खारीच्या एका तरुणीने जर्मनच्या वर्गासाठी आपल्या वस्तीविषयी लिहिले: ‘खारी इस्ट काइन डोर्फ, आबर आइने श्टाट.’ खारी गाव नाही, पण शहर आहे. शिक्षिकेने ‘आबर’ खोडून तेथे ‘झोन्डर्न’ घातले. दुरुस्ती निर्विवाद होती. तरुणी मात्र अस्वस्थ झाली.

इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणाऱ्याला ही दोन अव्यये एकच भासतात. मराठी माणसाला तसे भासण्याचे कारण नाही. आपले ‘नव्हे, तर’ झोन्डर्नचेच काम करते: नाकारलेल्याच्या जागी दुसरे काही बसवते. ‘श्रीमंत नाही, पण दानशूर आहे’ यात दानत श्रीमंतीची जागा घेत नाही. उणीव उणीवच राहते.

उन्ट, आबर, ओडर, डेन, झोन्डर्न ही अव्यये वाक्यात जागा अडवत नाहीत; त्यांच्यानंतरच्या विधानात क्रियापद आपले दुसरे स्थान सोडत नाही. ‘वाइल’ मात्र त्याला थेट शेवटी ढकलते. प्रधान आणि गौण हा भेद तेथे डोळ्यांना दिसतो. मराठीत क्रियापद एरवीही शेवटीच. म्हणून आपल्या व्याकरणाने हा भेद अर्थावरून ठरवला आणि ‘कारण’ला गौणत्वसूचकांत बसवले. परंतु ‘डेन’प्रमाणेच ‘कारण’चे वाक्यही आधी घेता येत नाही. ‘कारण पाऊस होता, तो आला नाही’ हे मराठी नव्हे. तेथे ‘म्हणून’ हवे. तेव्हा ‘कारण’ खरोखर गौणत्वसूचक आहे काय, हे पुन्हा तपासले पाहिजे. (शालेय परीक्षेत ही शंका न काढणेच बरे.)

तरुणीची अडचण निराळी होती. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली, २००२ साली महानगरपालिका. ‘झोन्डर्न’ने त्या कागदोपत्री इतिहासावर शिक्कामोर्तब केले. मिठागरात राबलेल्या आजोबांच्या नातीला ‘गाव नाही’ म्हणताना गावाची उणीव सांगायची होती; दुरुस्त वाक्यात गावाच्या जागी शहर बसले आणि उणीव उरलीच नाही. जे तिने ‘पण’वर सोपवले होते, ते जर्मन ‘आबर’ या वाक्यात पेलत नव्हते.

तिने नकारच काढून टाकला. पुढल्या तासाला वहीत वाक्य होते: ‘खारी इस्ट आइने श्टाट, आबर आउख आइन डोर्फ.’ शहर आहे, पण गावही आहे. शिक्षिकेने त्यावर खूण केली नाही.