सोंग आणि सवाल

हिवाळा सुरू झाला की मुलुंड-भांडुपपासून बोरिवलीपर्यंतच्या मैदानांवर मालवणी जत्रोत्सवांचे मांडव उभे राहतात, आणि कोंबडी-वडे नि खाज्यांच्या दुकानांमधून वाट काढीत जो जिज्ञासू रंगमंचाच्या मागल्या अंगास जाऊन पोहोचेल, त्याला तेथे एक विलक्षण व्यवहार पाहावयास मिळतो. दशावतारी मंडळी पेटाऱ्यावर आरसा टेकवून आपापला चेहरा आपणच रंगवीत बसलेली असतात, आणि त्यांच्यातला एखादा जाणता त्या रात्रीचे आख्यान तोंडी सांगत असतो: राजा कोण, वैर कोणाशी, शाप कोणाचा, युद्ध केव्हा. एवढीच काय ती संहिता. लिहिलेले वाक्य एकही नसते. पुढे जे बोलायचे ते उभ्या जागी सुचून बोलायचे, आणि सिंहासन म्हणून जे एक लाकडी बाकडे मांडलेले असते, त्यालाच प्रसंगी रथ किंवा पर्वत मानायचे.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हाही सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचीत. पुढे छापील नाटक आले, पडद्याआडचा प्रॉम्प्टर आला, आणि ही विद्या शहरी रंगभूमीवरून जवळजवळ बेदखल झाली. तळकोकणात मात्र तिचे वतन अद्याप चालू आहे.

हे सारे आठवण्याचे निमित्त माझी भाची. तिला आणि तिच्या मित्रमंडळाला ‘लार्प’ नावाच्या ज्या खेळाचा नाद लागला आहे, त्याची कुळकथा तिने मला अंधेरीहून बोरिवलीला येताना, लोकलच्या दारातल्या गर्दीत, मोठ्या उत्साहाने ऐकविली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 साली अमेरिकेत निघालेला खेळ टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळावयाचा; परंतु नुसत्या बोलण्याने ज्यांचे समाधान होईना, असे लोक टेबलावरून उठले, आणि 1982 साली इंग्लंडात चेशर परगण्यातील पेकफर्टनच्या किल्ल्यात मऊ, गुबगुबीत तलवारी घेऊन प्रत्यक्ष भुयारांतून हिंडू लागले. उत्तर युरोपातल्या मंडळींनी तलवारीपेक्षा मनोव्यापारांकडे अधिक लक्ष पुरविले, आणि 1997 पासून, ऑस्लोच्या पहिल्या मेळाव्यानंतर, तेथे या खेळाचे एक शास्त्रच उभे राहिले. या प्रकारात प्रेक्षक नावाची जातच नाही. जो हजर आहे त्याने सोंग घेतलेच पाहिजे. आणि ही अट ऐकताच माझ्यासारख्या, जन्मभर तिसऱ्या रांगेत बसून नाटके पाहिलेल्या माणसाच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक होते.

‘मामा, तुम्ही दफ्तरदार,’ असे म्हणून तिने माझ्या हाती एक कागद दिला. एका काल्पनिक संस्थानचे अधिपती निवर्तले आहेत, दत्तकाची सनद खरी की बनावट याचा वाद आहे, आणि मी दफ्तरदार असून राणीसाहेबांना भितो. याहून अधिक त्यात नव्हते. बरोबर एक ताकीद होती, व ती मला फार आवडली: कोणी ‘कट’ म्हटले की खेळ तत्क्षणी थांबलाच पाहिजे, आणि ‘ब्रेक’ म्हटले की समोरच्याने जोर कमी करावा. प्रत्यक्ष दरबारांतून अशी सोय असती तर कित्येक बखरींना मजकूरच उरला नसता.

दरबार भरला तो सोसायटीच्या सभागृहात, पंख्यांच्या घरघरीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. खांद्यावर उपरणे आणि हातात पुठ्ठ्याची फाईल घेऊन मी भिंतीशी उभा होतो. काय बोलावे याची मनातल्या मनात जुळवाजुळव करीत होतो, आणि जुळविलेले प्रत्येक वाक्य मला पोकळ वाटत होते. एवढ्यात राणीसाहेब, म्हणजे एरवी कुठल्याशा कचेरीत संगणकापुढे बसणारी एक तरुणी, माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, ‘दफ्तरदार, मामंजींचं अक्षर तुम्ही तीस वर्षं वाचलंत. हे त्यांचंच ना?’

त्या एका सवालाने मला तीस वर्षांची चाकरी मिळाली, धन्याचा विश्वास मिळाला, आणि कागद ओळखण्याची जबाबदारीही गळ्यात पडली. ‘त्यांचंच, बाईसाहेब,’ मी म्हणालो. ‘शेवटी हात फार कापे, म्हणून मोर्तबाचा शिक्का मीच धरून उठवीत असे.’ हे वाक्य कोठून आले ते मला सांगता येणार नाही. परंतु ते सुटताक्षणी दरबारातल्या सगळ्या नजरा संशयाने माझ्यावर खिळल्या, आणि पुढचा तासभर मी आपली मान वाचविण्यात इतका गुंतलो की आपण अभिनय करीत आहोत याचे भानच राहिले नाही.

मुरलेला दशावतारी राजपार्टी नवख्या पोराला असाच सांभाळून घेतो. पोरगा सेनापती होऊन उभा राहतो आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा राजा त्याला शौर्य गाजवावयास सांगत नाही, तर गेल्या युद्धात पडलेल्या थोरल्या भावाचा सूड विसरलास काय, असे विचारतो. आख्यानात नसलेला भाऊ त्या क्षणी जन्मतो आणि मरतोही. पोराच्या आवाजाला धार येते, पायपेटीवाला सूर धरतो. नवख्याला वाटते की आपल्याला पल्लेदार भाषण आले पाहिजे, पोशाख अस्सल पाहिजे. पोशाखाची गोष्ट सोडा, उपरण्यावर भागते, भाषणाचेही तसेच. समोरच्याचे बोलणे कान देऊन ऐकणे हीच या खेळातली अवघड बाब आहे, आणि उपनगरातल्या आमच्या नागरिकांना तिची सवय फारशी उरलेली नाही.

पुढल्या खेळासाठी भाचीने मला बढती देऊ केली आहे: दिवाण, नाहीतर थेट गादीचा वारस. मी देवडीवरच्या पहारेकऱ्याची जागा मागितली. येणाऱ्या प्रत्येकाला अडवून ‘कोण तुम्ही, कोठून आलात, आणि घोडा इतका का दमला?’ असे विचारण्याचा अधिकार दरबारात त्याच्याइतका कोणालाच नसतो.