धरणे आणि सोडणे

गाडीचा ब्रेक लागत नाही असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होते. ब्रेक सुटत नाही असे सांगितले तर मात्र कोणी फारसे मनावर घेत नाही. ‘थांबते ना गाडी, मग झाले’ असे म्हणून माणूस मोकळा होतो. वास्तविक हे दुसरे दुखणे वाढत गेले की त्यातूनच पहिले जन्माला येते. गाडीचे हे जसे खरे आहे, तसेच ते आपल्या मनाचेही आहे. या लेखात आधी गाडीचे सांगतो, मग मनाचे. गाडीचे नीट कळले की मनाचे फार सांगावे लागणार नाही.

आम्ही मिठबावकर. आषाढात आमच्याकडे भाताची लावणी असते, पाऊस उसंत देत नाही, म्हणून गावातली पुष्कळ मंडळी वारीला जातात ती कार्तिकीला. भात कापून, झोडून घरात आले की पंढरीची ओढ लागते. माणसे एसटीने आणि सामान पिकअपने, हा आमच्या मंडळींचा जुना नियम. तांदळाच्या गोणी, टोप, परात, ताडपत्री, पखवाज, टाळांच्या पेट्या, कोकमाचे डबे, एवढे सगळे त्या एका गाडीत जाते. गाडी गावातल्याच एका तरुणाची. आंब्याच्या दिवसांत ती हापूसच्या पेट्या वाहते. पावसाळाभर मात्र बहुतेक वेळ उभीच असते, आणि समुद्र इतका जवळ की खारा वारा थेट तिच्या पोटाखाली शिरतो.

२०२३ साली कार्तिकी एकादशी २३ नोव्हेंबरला होती. २१ ला पहाटे गाडी सोडायची असे ठरले होते. २० ला सामान भरण्यापूर्वी चालकाने मला सांगितले, “बुवा, गाडी जड चालते. डिझेल जास्त खाते. ब्रेक मारला की उजवीकडे ओढते, आणि पाय काढला तरी कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटते.” सपाट जागेवर गिअर काढून चौघांनी ढकलून पाहिली, तर गाडी जेमतेम वीतभर हलली. पुढच्या उजव्या चाकाला जळका वास येत होता.

मग प्रत्येकाने आपापला निकाल दिला. एक म्हणाला, लायनर गेले. दुसरा म्हणाला, बेअरिंग. तिसऱ्याने ब्रेक ऑइल बदलायला सांगितले. आणि मंडळींतल्या एका वयस्क माऊलीने सगळ्यांच्या वरचा निकाल दिला. “इतकी वर्सा पांडुरंगान नेल्यान, औंदाव तोच नेतलो. चला.” तिचा भाव खरा होता, त्याची थट्टा कोणी करू नये. मी एवढेच म्हटले, “वैनी, त्याच पांडुरंगान चाक तापवून सांगल्यान हा, ता तरी आयकूया.” गाडी तपासल्याशिवाय सामान भरायचे नाही असे ठरले, आणि जामसंड्याहून एका मेकॅनिकला बोलावणे गेले.

त्या माणसाचे काम मी सबंध दुपार शेजारी बसून पाहिले. तो आल्या आल्या म्हणाला, “खयचा चाक धरता ता आधी बघूया, औषध मागसून.” लहानपणी आम्हाला गुरुजींनी तर्काचा जो थोडाबहुत संस्कार दिला, त्यात अन्वय आणि व्यतिरेक हे दोन शब्द होते. अमुक असले की तमुक असते, आणि अमुक काढले की तमुक जाते, असे दोन्ही बाजूंनी पाहिल्यावाचून कारण ठरवू नये. धूर पाहून अग्नी म्हणायचे तर तेवढी शिस्त हवी. ही शिस्त त्या दिवशी तेलकट हातांत पाहायला मिळाली.

प्रथम त्याने गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणली, ब्रेक शक्य तितका कमी वापरून. उतरल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहाताची मागची बाजू नेली, चाकाला न लावता. पुढचे उजवे चाक भट्टीसारखे होते. मागचे डावे बऱ्यापैकी गरम होते. बाकी दोन कोमट. ब्रेक न मारता चाक तापले, तर ते चाक कोणीतरी धरून ठेवले आहे. चारही चाके तापली असती तर दोष वर, म्हणजे पेडलपाशी किंवा मास्टर सिलेंडरपाशी शोधावा लागला असता. दोनच तापली, त्यामुळे दोष खाली, त्या त्या चाकाच्या वाटेवर.

मग बाकीच्या चाकांना दगडांची उटी लावून त्याने पुढचे उजवे चाक जॅकवर उचलले. हाताने फिरवले तर फिरेना. ब्रेकच्या कॅलिपरवर एक बारीक निपल असते, तेलातली हवा काढण्यासाठी. ते त्याने किंचित सैल केले. तेलाची छोटी चिळकांडी उडाली आणि चाक सुटले. म्हणजे लोखंड गंजून अडकलेले नव्हते, आत तेलाचा दाब कोंडला होता. दाब सुटल्यावरही चाक फिरले नसते तर पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना बसल्या आहेत असे समजायचे.

दाब कोठे कोंडला? त्याने निपल बंद केले, चालकाला पेडल दाबून सोडायला सांगितले, चाक पुन्हा धरले गेले. आता त्याने वरचा जोड सैल केला, जिथे लोखंडी नळी संपून रबरी पाइप सुरू होतो. चाक सुटले नाही. पुन्हा खालचे निपल सैल केले, लगेच सुटले. वर उघडून सुटत नाही, खाली उघडून सुटते, तर अडथळा या दोहोंच्या मध्ये. मध्ये होता फक्त हातभर रबरी पाइप. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. आतून फुगून त्याची वाट सुईच्या नेढ्याएवढी झाली होती.

मागच्या डाव्या चाकाला त्याने तीच परीक्षा लावली, पण उत्तर वेगळे आले. निपल उघडले तरी चाक सुटेना. मग त्याने हँडब्रेकची केबल तिच्या खटक्यातून काढली, आणि चाक गरागरा फिरले. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून उभी राहिलेली, खाऱ्या दमट हवेने केबल आपल्या कवचातच गंजली, हँडब्रेक खाली केला तरी आतली तार परत येईना. लक्षण एकच, कारणे दोन. एकाच्या औषधाने दुसरे बरे झाले नसते. नुसते लायनर बदलून आम्ही निघालो असतो तर पैसा जाऊन दोन्ही दोष जागच्या जागी राहिले असते.

पाइप आणि केबल आणायला कणकवलीला माणूस पाठवावा लागला, त्यात २१ तारीख गेली. मंडळी एसटीने पुढे गेली होती. त्यांनी दशमीचा स्वयंपाक शेजारच्या फडाची भांडी मागून केला. आम्ही २२ ला पहाटे निघालो. नांदगाव, फोंडा, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर, मिरज या वाटेने दशमीच्या रात्री पंढरपुरात पोहोचलो. एका दिवसाच्या उशिराबद्दल दोघांनी तोंड वाकडे केले. काल्यानंतर परतताना दाजीपूरहून फोंड्याचा घाट उतरलो. चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, ब्रेक बेताने वापरला. पायथ्याशी थांबून चाकांजवळ हात नेला तेव्हा चारही सारखीच गरम होती. मला त्या क्षणी जे समाधान वाटले ते चांगल्या कीर्तनानंतर वाटते त्याच जातीचे होते.

तो घाट आठवतो म्हणून सांगतो. धरून राहिलेला ब्रेक घाटात तापतो. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेणारे असते, आणि तापता तापता ते पाणी उकळते, त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचवतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पाय पेडलवर पडतो, पेडल भुसभुशीत होऊन तळाला जाते, आणि चाकाला काहीच कळत नाही. जो सोडत नाही तो शेवटी धरूही शकत नाही. सुटत नसलेल्या ब्रेकचा शेवट हा असा असतो.

आता मनाकडे येऊ. मेकॅनिकला मी विचारले, तेल आत जाते तर त्याच वाटेने बाहेर का येत नाही? त्याने सांगितलेले मला फार मोलाचे वाटते. आत जाताना तेलाच्या मागे माणसाच्या पायाचा जोर असतो, वाट कितीही अरुंद असो, ते घुसते. परत येताना मागे कोणी नसते. पिस्टनभोवती रबराची एक कडी असते, ती दाबाने थोडी पिळवटते आणि दाब गेला की आपल्या मूळ आकाराला येते. तेवढ्याच ताकदीने पिस्टन केसाइतका मागे सरतो. त्या हलक्या ओढीला रुंद, स्वच्छ वाट लागते.

राग, अपमान, भावकीतला दावा हे आपल्या मनात असेच जोराने शिरतात. बाहेर पडताना त्यांना ढकलणारे कोणी नसते. आतली वाट आकसली असेल तर ते तिथेच कोंडतात, आणि माणूस वर्षानुवर्षे अर्धा ब्रेक लागलेल्या गाडीसारखा चालतो. चालतो म्हणून कोणाला कळत नाही. जड चालतो, तापतो, एका बाजूला ओढतो. नामस्मरणाने ती वाट रुंद राहते, असा आपल्या संप्रदायाचा अनुभव आहे. मूळ आकाराला परत येण्याची ओढ जीवाच्या ठायी असतेच, तिला अडवणारे काही नको.

संयम म्हणजे नुसते धरणे, अशी एक समजूत आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे, अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाची. आमच्या किनाऱ्याला अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवाला तसे अंग आत घेता येत नाही. ती उपमा तळ्या-विहिरीतल्या कासवाची समजावी. त्यावर बोलताना ज्ञानेश्वर माऊली दोन्ही बाजू सांगतात. कासव प्रसन्न झाले की अवयव पसरते, आणि मनात आले की आवरते. पसरणेही त्याच्या हातात, आवरणेही त्याच्या हातात. कायम आत ओढलेले कासव म्हणजे मेलेले कासव.

आपले व्रताचारही याच जोडीने बांधले आहेत. एकादशीला उपवास धरायचा आणि द्वादशीला पारणे करून सोडायचा. पारणे झाल्यावाचून व्रत पुरे होत नाही. आषाढीला चातुर्मासाचे नेम धरायचे, कार्तिकीला सोडायचे, आणि शेवटी काला करून एकमेकांच्या मुखी घालायचा. कीर्तनातही कीर्तनकाराने चाल धरावी आणि योग्य ठिकाणी ती टाळकऱ्यांच्या हाती सोडावी. शेवटपर्यंत स्वतःच धरून ठेवणाऱ्याचे कीर्तन तापते, रंगत नाही.

राहिला त्या माऊलीचा प्रश्न. पांडुरंग नेतो, हे खरेच आहे. पण नाम घेणाऱ्याने चाक पाहू नये असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. ज्या गाडीच्या पुढून आणि मागून शेकडो वारकरी पायी चालतात, तिचा ब्रेक नीट ठेवणे हीसुद्धा विठ्ठलाचीच सेवा आहे.

म्हणून दिंडीच्या सामानाची गाडी हाकणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगून थांबतो. पावसात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा पाहा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढून ठेवू नका. गाडीच्या झाकणावर जे ब्रेक ऑइल लिहिले असेल तेच घाला. त्यात इंजिनचे तेल चुकूनही पडू देऊ नका, त्याने आतली रबरे फुगतात. साधारण दर दोन वर्षांनी ते तेल बदला. वारीला निघण्यापूर्वी आठवडाभर आधी थोडी फिरवून आणा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एखादे चाक वेगळे तापले असेल तर निकाल देऊ नका. कोणते, का, हे शोधा. घाटात खालचा गिअर, आणि पाय पेडलवर ठेवून बसायचे नाही.

पंढरीला सुखरूप जावे, सुखरूप परत यावे.

रामकृष्ण हरी.